मोगऱ्याचा उपास

वसंत पंचमी येते माघात आणि वसंत ऋतू लागतो चैत्रात. मधले दोनेक महिने नक्की कुणाच्या मालकीचे, यावर पुण्याच्या हवेचं आणि पंचांगाचं कधी एकमत झालेलं नाही. सकाळी १२ अंश, दुपारी ३३. स्वेटर घालून घराबाहेर पडलेला माणूस संध्याकाळी तो कमरेला बांधून परततो. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते म्हणतात, पण पुण्यातली थंडी पुणेरीच. ती निघते, दारात थांबते, दोन शब्द ऐकवते आणि पुन्हा आत येते.

बागेची सगळी कामं नेमकी याच काळात अंगावर येतात. बाग म्हणजे आमची तिसऱ्या मजल्यावरची दक्षिणेची गॅलरी. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला, त्यामुळे ऊन पार सोफ्यापर्यंत येऊन बसतं. माघ सरत आला की ते रोज थोडंथोडं मागे सरकतं आणि शेवटी कठड्याजवळची एक पट्टी उरते. त्या पट्टीवर मोगऱ्याचा हक्क की ओल्या चादरींचा, हा घरातला जुना वाद आहे. आवारातला कडूनिंब पिवळी पानं गाळू लागलेला असतो आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये दरवर्षीप्रमाणे कुणीतरी 'हे झाड फार कचरा करतं' असं म्हणतं. जणू चैत्रात त्याची कोवळी पानं पाडव्याला खायला मागणारे दुसऱ्याच सोसायटीतले असतात. तांबट पक्ष्याची टुकटुक भर दुपारी सुरू होते. ती ऐकून वरच्या मजल्यावर पुन्हा फर्निचरचं काम काढलंय की काय, म्हणून आमचे हे दरवर्षी न चुकता संतापतात.

पण खरी परीक्षा मोगऱ्याची. मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटीवर. म्हणून उन्हाळ्यात फुलं हवी असतील, तर थंडी ओसरताना पाणी तोडायचं, जुनी पानं ओरबाडून काढायची, फांद्या डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटायच्या जागेच्या, जरा वर तिरक्या कापायच्या, माती उकरून मुळांशी थोडी हवा खेळू द्यायची आणि मग शेणखत घालून भरपूर पाणी द्यायचं. पुस्तकात हे चार ओळींत बसतं. चार माणसांच्या घरात बसत नाही.

माझा मामा वरुडकडचा, संत्र्यावाला. आंबिया बहार, म्हणजे थंडी सरताना येणारा फुलोरा, धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडून ती ताणावर सोडायची, हे त्याच्या रक्तात आहे. फोनवर त्याने आधी मोगऱ्याची चौकशी केली, मग माझी. "पाणी तोडलं का वं? त्याले ताण द्या लागते, मंग बहार फुटते. काई होत नाई त्याले." काळ्या जमिनीला ताण जास्त लागतो, हलकीला कमी, आणि तुझ्या त्या बादलीएवढ्या कुंडीला तर थोडके दिवस पुरे, असा हिशोबही त्याने सांगितला.

सासूबाईंच्या घराण्यात मात्र कुणाला ताण देण्याची रीत नाही. दारी आलेल्या कुरिअरवाल्याला त्या पाणी विचारतात, आणि गॅलरीतला मोगरा तहानलेला ठेवायचा?

"आई, तो त्याचा उपासच समजा ना."

"उपासाला पाणी चालतं. एकादशीलासुद्धा चालतं. ही निर्जळी तू कुठून काढलीस?"

"हरतालिकेला असते की."

"ती एक दिवस असते. आणि चांगला नवरा मिळावा म्हणून असते. याला काय मिळायचंय?"

कळ्या, असं मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी खुरपी घेऊन मुकाट गॅलरीत गेले.

पुढच्या दिवसांत मोगरा काही वाळेना. वरून माती भुसभुशीत, पण बोट खुपसलं की खाली गार ओल. संशय घ्यायला माझ्याकडे पुरावा नव्हता. मग एका सकाळी मातीवर तांदळाचा एक पांढराशुभ्र दाणा दिसला आणि त्याच्या शेजारी तुळशीचं ओलं पान. म्हणजे तांदळाचं धुवणही पोचत होतं आणि देवाच्या अभिषेकाचं पाणीही. विचारल्यावर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तीर्थाला पाणी म्हणत नाहीत." यावर कोणत्याही कृषी विद्यापीठाकडे उत्तर नसावं.

शेवटी कुंडी उचलून बेडरूमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये नेली. तिथे पाणी पोचेना, पण पानं खाली पोचू लागली. आमच्या खाली काकूंची टेरेस, आणि माघ-फाल्गुन म्हणजे वाळवणाचे दिवस. काकूंनी प्लॅस्टिकच्या कागदावर साबुदाण्याच्या चिकवड्या घातलेल्या, ओल्या, काचेसारख्या चमकणाऱ्या. मी ओरबाडलेली पानं पिशवीत भरत होते, तेवढ्यात वारा आला.

"अहो, वरच्या!" एवढंच ऐकू आलं. वाकून पाहिलं, तर चिकवड्यांच्या तिसऱ्या रांगेत मोगऱ्याची पिवळी पानं अशी चिकटलेली, की कुणी मुद्दाम नक्षी काढावी. मी काढायला खाली गेले. पान निघतं, पण त्याच्या शिरांचा छाप चिकवडीवर तसाच राहतो. काकूंनी त्या चिकवड्या वेगळ्या डब्यात ठेवल्या आणि पुढे आम्ही चहाला गेलो की त्याच तळून समोर आल्या.

मधल्या काळात जास्वंदीवर पिठ्या ढेकूण चढला. शेंड्यांना पांढरा कापूस आणि त्याच्या गोड चिकट रसासाठी मुंग्यांची ये-जा. लिटरभर पाण्यात थोडा साबण आणि पाच मिली निंबोळी तेल, हा फवारा गुणकारी असतो. फक्त नंतर हात कितीही धुतले तरी पोळीला वास येतो, आणि त्या आठवड्यात स्वयंपाक आमच्या ह्यांनी केला. फवाऱ्याचा हा दुसरा गुण.

शिवरात्रीच्या सुमारास मोगऱ्याला शेणखत घातलं, बादलीभर पाणी दिलं. लवकरच कापलेल्या डोळ्यांतून पोपटी फुटवे निघाले आणि काही दिवसांनी त्यांच्या टोकाला गव्हाच्या दाण्याएवढ्या कळ्या. मामाने फोनवर "ताण बसला म्हणाचा" असा निकाल दिला. त्याच संध्याकाळी सासूबाई गॅलरीतून खाली वाकून काकूंना सांगत होत्या, "मी चोरून घालत होते म्हणून जगला हो."

दुसऱ्या दिवशी कढीपत्ता छाटावा म्हणून कात्री घेऊन गॅलरीत गेले. कुंडीपुढे खुर्ची टाकून सासूबाई बसल्या होत्या, मांडीवर आंबट ताकाचा तांब्या.

"याला मी जेवायला घालते," त्या म्हणाल्या. "तू तुझ्या मामाचं ऐक."