वयाचा दाखला

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्रिकेटपटू किरण नवगिरेचा व्हिडिओ परत फिरत आला. तोच, नागपूरचा. १७ ऑक्टोबर २०२५, महाराष्ट्र विरुद्ध पंजाब. ३४ चेंडूंत शतक. महिलांच्या टी-२० मध्ये त्याआधीचा विक्रम न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाइनचा होता, ३६ चेंडूंचा. खाली एका वर्गमित्रानं लिहिलं, "भारी आहे, पण वय झालं आता तिचं." त्याला सात अंगठे. मी तिथे गप्प बसले, कारण आमच्या ग्रुपवर भांडण लागलं की ते पुढच्या लग्नकार्यापर्यंत पुरतं. म्हणून इथे लिहितेय.

किरण मिरे गावची. तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर. म्हणजे आमच्याच तालुक्यातली. माझी-तिची ओळख नाही, पण ती कुठल्या मातीत खेळली असेल ते मला सांगावं लागत नाही. आमच्या शाळेत पीटीच्या तासाला मुलांना बॅट-बॉल मिळायचा आणि मुलींना दोरीच्या उड्या. एकदा मी बॅट मागितली तर सर म्हणाले, "तू स्कोअर लिही, अक्षर चांगलंय तुझं." दोन वर्षं लिहिला. मुलींचा वेगळा संघ असतो, त्यांचेही सामने होतात, हे मला बारावीपर्यंत माहीत नव्हतं.

किरण शेतकऱ्याची मुलगी. गावात पोरांबरोबर खेळली. कॉलेजात गेली ती भालाफेक, गोळाफेक, धावणं यात. विद्यापीठाची पदकं मिळवली. पुण्यात शिकायला आल्यावर सीझन बॉलचं, म्हणजे कातडी कडक चेंडूचं, क्रिकेट नीट सुरू झालं. ज्या वयात इतर मुली १९ वर्षांखालच्या संघातून बाहेर पडतात, त्या वयात हिची सुरुवात.

आता शेजारच्याच जिल्ह्यातली स्मृती मानधना घ्या. वडील सांगली जिल्ह्याकडून खेळलेले, भाऊ महाराष्ट्राच्या १६ वर्षांखालच्या संघात. नऊ वर्षांची असताना ती महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालच्या संघात होती आणि एप्रिल २०१३ मध्ये, सोळाव्या वर्षी, भारताकडून खेळली. तिची मेहनत कमी होती असं कुणी म्हणू नये, मी तर नाहीच म्हणणार. पण सांगलीतल्या त्या घरात क्रिकेट आधीपासून नांदत होतं. मिऱ्याहून निघालेल्या मुलीला ते शोधत शोधत पुण्यापर्यंत यावं लागलं. सप्टेंबर २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये किरणला भारताची टोपी मिळाली तेव्हा तिचा अठ्ठाविसावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. जन्मतारखेवरून मोजलं तर उशीर. सीझन बॉल हातात आला तेव्हापासून मोजा, मग दोघींमधलं अंतर केवढं आटतं बघा.

आणि तिथवर पोचली ती तरी कुठून? नागालँडकडून! महाराष्ट्राच्या संघात संधी मिळेना म्हणून पाहुणी खेळाडू होऊन तिकडे गेली. एप्रिल २०२२ मध्ये अरुणाचलविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२ ठोकल्या. टी-२० सामन्यात दीडशेच्या पुढे जाणारी पहिली भारतीय, त्यात पुरुषही आले. लोक म्हणाले, समोर अरुणाचलची कच्ची बोलिंग होती. बरोबर आहे, होती. म्हणून पुढचा महिना महत्त्वाचा.

२६ मे २०२२, पुण्याजवळचं गहुंजे स्टेडियम. विमेन्स टी-२० चॅलेंजचा सामना. आठ वर्षांच्या भाचीला घेऊन मी गेले होते. खरं तर तिला शफाली वर्मा बघायची होती आणि मला आमच्या तालुक्याची मुलगी. दोघींच्या संघाला, व्हेलॉसिटीला, १९१ धावा हव्या होत्या. किरणनं २५ चेंडूंत पन्नास केल्या, ३४ चेंडूंत ६९. टीव्हीवर कळत नाही ती गोष्ट आवाजाची. इतरांच्या बॅटवर चेंडू लागला की टक् व्हायचं, हिच्या बॅटवर धप्प. घण मारल्यासारखं. भालाफेकीत कमावलेला खांदा म्हणजे काय, ते मला त्या आवाजावरून कळलं. सामना हरले, पण भाची जिना उतरताना हात फिरवून तो आवाज तोंडानं काढत होती.

मग डब्ल्यूपीएल आली, म्हणजे महिलांची आयपीएल. पहिल्याच लिलावात यूपी वॉरियर्झनं तिला ३० लाखांना घेतलं आणि मार्च २०२३ मध्ये पहिल्याच सामन्यात गुजरातविरुद्ध तिनं ४३ चेंडूंत ५३ केल्या. त्या दिवशीची तिची बॅट आठवतेय? प्रायोजकच नव्हता. कोऱ्या लाकडावर मार्करनं लिहिलेलं: एमएसडी ०७, धोनीची आद्याक्षरं आणि जर्सीचा नंबर. बातम्यांत सगळीकडे कौतुक झालं, "धोनीची भक्त" म्हणून. मला तो कोरा भागच जास्त दिसत होता. भारताकडून खेळून आलेली मुलगी, आणि बॅटवर चिकटवायला कुणाचं स्टिकर नाही.

आता खरं तेही लिहिते. भारताकडून जे थोडे सामने मिळाले त्यात ती चालली नाही. मोठा फटका बसत नसेल तेव्हा एकेरी धाव काढून समोरच्या टोकाला जाणं, हा तिचा कच्चा भाग आहे असं मला वाटतं. निवड समितीनं डाव साधला वगैरे मी म्हणणार नाही. पण एकेक-दोनेक काढायची सवय लागते ती बाराव्या-तेराव्या वर्षी, रोज नेटमध्ये, कुणीतरी मागे उभं राहून ओरडत असताना. गावच्या पोरांत खेळताना एकेरी धावेला कोण विचारतं? तिथे चेंडू उसात गेला पाहिजे.

आपली सगळी शिडी वयाची आहे. १५ खाली, १९ खाली, २३ खाली, मग सीनियर. ज्या मुलीला विसाव्या वर्षी बॅट मिळाली तिच्यासाठी खालच्या पायऱ्या आधीच काढून घेतलेल्या असतात. विद्यापीठाच्या मैदानांवर भाला आणि गोळा फेकणाऱ्या, कबड्डी-खोखो खेळणाऱ्या किती मुली आहेत. तिथे वर्षातून एकदा सीझन बॉल आणि चार नेट घेऊन जा, वयाचा दाखला न मागता. खर्च असा कितीसा आहे?

नागपूरच्या त्या सामन्यात पंजाबनं १११ धावांचं आव्हान दिलं होतं. महाराष्ट्रानं आठ षटकांत ११३ केल्या. त्यातल्या १०६ किरणच्या. वय, एकतीस पूर्ण.

भाची आता बारा वर्षांची आहे, पुढच्या महिन्यात तिच्या १५ खालच्या निवड चाचण्या आहेत. कागद सगळे तयार आहेत, जन्मदाखल्याच्या तीन झेरॉक्ससकट. फक्त आईचा मार्कर, पापड-कुरडयांच्या डब्यांवर नावं घालायचा, परवापासून घरात कुणालाच सापडत नाहीये.