‘जरा सरकता का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मी आठवड्याभरात चार वेळा वाचली. तिच्यातलं बरंच पटलं, आणि नेमकं काय पटलं नाही ते स्वतःशी ठरवायला वेळ लागला, म्हणून हे उत्तर उशिरा.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लेडीज डब्यात एका आजींनी तीनदा ‘जरा सरकता का?’ विचारलं आणि इयरबड घातलेली मुलगी हलली नाही. त्यावरून मी लिहिलं होतं की कानात बोळे घालून बसणाऱ्यांना आता माणसंच नकोशी झाली आहेत. तुम्ही लिहिलंत : ‘काकू, मी कॉल सेंटरमध्ये नऊ तास अनोळखी लोकांची बोलणी खाते. घरी जाताना तरी मला कुणाचं ऐकायचं नसतं. स्टेशनबाहेर मागे लागून बोलणाऱ्या पुरुषांना मी हेडफोन लावूनच टाळते. तुमच्या पिढीचं सौजन्य म्हणजे लग्न झालं का, पगार किती. आणि आम्ही हेडफोन लावतो म्हणूनच बाकीच्यांना आमची गाणी ऐकावी लागत नाहीत.’

‘माणसंच नकोशी’ हे वाक्य मी मागे घेते. ते लिहिताना मला आजींचा चेहरा दिसत होता, त्या मुलीचा दिवस दिसत नव्हता. चौकशांचंही तुमचं खरं आहे. लग्नानंतर पहिली चार वर्षं ‘अजून काही नाही का?’ हा प्रश्न मला चालत्या गाडीत, अनोळखी बायकांनी विचारलेला आहे. तेव्हा कानात घालायला काही असतं तर मीही घातलं असतं. स्पीकरवर रील्स लावणाऱ्यांविषयी तर आपल्यात वादच नाही. बेस्टने 2023 मध्ये बसमध्ये मोबाइलचा आवाज मोठा ठेवायला मनाई केली तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं.

पण लोकलचा डबा गप्पांवर चालत नाही. तो दोन-तीन शब्दांच्या प्रश्नांवर चालतो, आणि माझं म्हणणं तेवढ्यापुरतंच आहे. ‘कुठे उतरणार?’ ‘घाटकोपर.’ ‘कुणाला सांगितलीय का?’ एवढ्यावर सीट ठरते. दारात ‘दादर का?’ विचारलं की उतरणाऱ्या कोण आणि मागे सरकायचं कुणी ते कळतं. तिघींच्या बाकावर चौथीला जागा मिळते तीही अशीच. कुठेही न लिहिलेली ही व्यवस्था एवढ्या गर्दीतून आपल्याला रोज पार नेते, आणि ती सगळी आवाजावर उभी आहे.

आता ज्या बाईला विचारायचं तिचे कान बंद असले तर विचारणारीने काय करायचं? हात हलवायचा, नाहीतर अंगाला हात लावायचा. माझं अडतं ते इथे. आपल्याकडे परक्या माणसाला हात लावत नाहीत, म्हणून तर ‘अहो’, ‘ताई’, ‘जरा ऐकता का’ हे शब्द आहेत. लेडीज डब्यात निदान दंडाला बोट लावता येतं. पण तुमची ओढणी रिक्षाच्या चाकात जात असेल आणि ती एखाद्या भल्या पुरुषाला दिसली, तर तो ओरडेल, पुन्हा ओरडेल, आणि पुढे हात लावायचा की नाही याच विचारात राहील. म्हाताऱ्या माणसांचं आणखी अवघड. माझ्या सासूबाईंचा आवाज बारीक आहे. त्या एकदा विचारतात, उत्तर नाही आलं की दुसऱ्यांदा विचारत नाहीत, उभ्या राहतात.

पूर्वी वायर दिसायची, म्हणून राग तरी येत नसे. आता केसांखाली काहीच दिसत नाही. ऐकू आलं नाही की ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे विचारणाऱ्याला कळायला मार्ग नाही, आणि तो वाईट तेच धरून चालतो. त्या दिवशी मीही तेच धरलं.

ज्यांनी हे सगळं सुरू केलं त्यांनाही ही टोचणी होती, हे वाचून मी चकित झाले. सोनीचा पहिला वॉकमन, म्हणजे हेडफोन लावून ऐकायचा छोटा कॅसेट प्लेअर, जपानमध्ये 1979 च्या जुलैत आला. दोघांना मिळून ऐकता यावं म्हणून त्याला हेडफोनची भोकं दोन होती, आणि एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि शेजारच्याचं बोलणं छोट्या माइकमधून ऐकू यायचं. सोनीचे अकिओ मोरिता यांनी आठवणींत लिहिलंय की त्यांनी यंत्र घरी नेलं तेव्हा बायकोला बाजूला पडल्यासारखं वाटलं. एकट्यानेच गाणं ऐकत बसणं मोरितांना असभ्यपणाचं वाटलं. लोकांना मात्र ते एकट्यासाठीच हवं होतं. पुढे ते बटण गेलं.

आजच्या इयरबडमध्ये बाहेरचं ऐकू येण्याची सोय आहे, हे तुम्ही म्हणालच. पण तुम्हाला ऐकू येतंय हे समोरच्याला कसं कळणार? भाजीवालीला पैसे देताना, वॉचमनशी बोलताना, डब्यात क्लिपा विकायला येणाऱ्या बाईला नको म्हणताना एका कानातलं काढून हातात धरलं, तर तिला ते दिसतं. माझी मागणी एवढीच आहे. स्टेशनबाहेर मागे लागणाऱ्याला ती लागू नाही. त्याच्यासाठी दोन्ही कान बंद ठेवा आणि भरभर चाला.

गेल्या मंगळवारची गोष्ट सांगते. डोंबिवलीला ऐनवेळी फलाट बदलल्याची घोषणा झाली. सगळ्या जिन्याकडे धावल्या, एक मुलगी तेवढी मोबाइलमध्ये बघत उभी. मी दोन हाका मारल्या, मग तिच्या मनगटाला हात लावला. ती इतकी दचकली की मागे सरकून तिने पर्स छातीशी धरली. तो चेहरा बघून तुमची प्रतिक्रिया मला खऱ्या अर्थाने कळली. मी नुसतं ‘गाडी तिकडे’ म्हटलं आणि आम्ही दोघी पळालो. डब्यात शेजारी-शेजारी उभं राहायला जागा मिळाली. धाप ओसरल्यावर तिने एक बड कानात घातला, दुसरा बोटांत धरून मला म्हणाली, ‘मावशी, ठाणं गेलं की सांगाल? घाटकोपरला उतरायचंय.’ मी हो म्हटल्यावर तिने दुसराही घातला आणि डोळे मिटले.