पाणपिशवीचे वाळवण

भर पावसात सह्याद्रीत हिंडून आल्यावर बूट, सॅक आणि माणूस ही तिन्ही कधी ना कधी वाळतात; वाळत नाही ती सॅकमधली दोन लिटरची, नळीने पाणी ओढून प्यायची पाणपिशवी. ती ओलीच गुंडाळून ठेवली, की नळीत काळे ठिपके धरतात, आणि पुढच्या खेपेस राजगडाच्या पद्मावती माचीवर घेतलेल्या पहिल्याच घोटाला बुरशीचा वास येतो.

तिची अडचण अशी, की तिच्या ओल्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि आत हवा शिरत नाही. नळी तर इतकी अरुंद, की उलटी टांगली तरी तिच्यातले थेंब ठाण मांडून बसतात. त्यातून पुण्यातला जुलै. खिडकीत लटकवलेली पिशवी शेजारच्या टॉवेलांइतकीच ओली राहते.

तेव्हा मी यंत्र करायला घेतले. जुन्या कॉम्प्युटरचा बारा व्होल्टचा पंखा मोबाइलच्या पाच व्होल्टच्या चार्जरला जोडला, तो आरामात का होईना फिरू लागला, आणि पिशवीच्या भिंती वेगळ्या राहाव्यात म्हणून आत ताकाची रवी उभी केली. पिशवी वाळू लागली. नळी मात्र ढिम्म. पंखा हवा पुष्कळ हलवतो, पण अरुंद नळीतून ती रेटण्याइतका दाब त्याला देता येत नाही. त्यासाठी मासे निवर्तल्यामुळे बेकार झालेला टाकीचा हवेचा पंप नळीच्या तोंडाला जोडला. त्याची हवा थोडी, पण चिकाटी मोठी. एकेक थेंब पुढे ढकलत तो घरघरत राहतो.

खिडकीच्या गजाला टांगलेली पिशवी आणि खाली लोंबणारी नळी पाहून शेजारच्या काकूंनी हलक्या आवाजात विचारले, "कोणाला सलाईन लावलंय?"

"माझ्या रवीला," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

न वाळवताच पिशवी फ्रीजरमध्ये ठेवावी, तिथे बुरशी वाढत नाही, असे काही जाणकार मित्र सांगतात. शास्त्र निर्दोष आहे; परंतु आमच्या फ्रीजरमध्ये सोललेले मटार आणि खवलेले खोबरे यांची वहिवाट असून तिथे माझा अर्ज विचारातही घेतला जात नाही.

यंत्र रात्रभर चालवले, की सकाळी पिशवी कोरडी ठणठणीत मिळते. आता काकूंच्या नातवाची शाळेची बाटलीही तिच्या स्ट्रॉसकट आमच्याकडे वाळायला येते. तिला रवी लागत नाही, हे काकूंनी आईला आधीच सांगून ठेवले आहे.