क्वेरी संथ ठेवण्याची साधना

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जॉइनची, म्हणजे टेबलं एकमेकांना जोडणारी, क्वेरी रेंगाळू लागली की आधी सर्व्हरची रॅम वाढवून मागा. क्वेरी चालवून तिची योजना दाखवणारी एक्सप्लेन ॲनालाइझ ही आज्ञा मात्र चालवू नका. चालवलंत तर प्लॅनरने (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाने) धरलेल्या ओळी आणि प्रत्यक्ष आलेल्या ओळी शेजारीशेजारी दिसतील, मग तपासात मजा ती काय उरली?

कुणी आगाऊपणे चालवलंच, तर नजर थेट तळाच्या एकूण वेळेवर न्या. मधे कुठे 1 ओळीच्या अंदाजासमोर प्रत्यक्षात 50,000 दिसल्या तर किरकोळ समजा. एकच ओळ येणार म्हणून प्लॅनरने नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक ओळीसाठी दुसरं टेबल धुंडाळण्याची पद्धत) निवडला आणि आतलं टेबल 50,000 वेळा धुंडाळलं, यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? पोस्टग्रेस तिथे वेळ देतं तो एका फेरीचा, सरासरी. 0.2 मिलिसेकंद बघून निर्धास्त व्हा. लूप्सच्या, म्हणजे फेऱ्यांच्या, आकड्याने गुणलंत तर 10 सेकंद निघतील, कशाला उगाच?

प्लॅनर ज्यावरून अंदाज बांधतो ती आकडेवारी शिळीच बरी. लाखो ओळी एकदम भरा आणि ती ताजी करणारं ॲनालाइझ न करता पुढच्याच क्षणी जॉइन मारा. ते काम आपोआप करणारा ऑटोव्हॅक्यूम येईल सवडीने. तात्पुरत्या टेबलांकडे तर तो फिरकतही नाही.

अटी एकमेकींत गुंतलेल्या असतील तर दुधात साखर. 10 लाख गाड्यांपैकी 10 टक्के एका कंपनीच्या, 1 टक्का तिच्याच एका मॉडेलच्या. दोन्ही अटी लावल्या की प्लॅनर टक्क्यांचा गुणाकार करून 1,000 ओळी धरतो, येतात 10,000. ते मॉडेल दुसरी कंपनी बनवत नाही, हे त्याला कोण सांगणार? त्यासाठी क्रिएट स्टॅटिस्टिक्स ही आज्ञा पोस्टग्रेसच्या आवृत्ती 10 पासून, म्हणजे 2017 पासून आहे. तेव्हा अजून थोडी वाट बघायला हरकत नाही. दहापट चूक पुढच्या जॉइनमध्ये शंभरपट होऊ शकते, तिलाही वाढायला वाव हवाच ना!

इंडेक्स, म्हणजे ओळी झटपट शोधून देणारी सूची? दिसेल त्या कॉलमवर टाका. आणि अटीत कॉलमवर फंक्शन लावून साधा इंडेक्स निकामी करा.

एवढ्यानेही भागलं नाही तर ब्रह्मास्त्र: नेस्टेड लूप बंद करायचं सेटिंग थेट सगळ्यांना लागू होणाऱ्या कॉन्फिग फाइलीत टाका. आपल्या सेशनपुरतं बदलून बघणं हे भित्र्यांचं काम. तुमची क्वेरी सुटते. एका ग्राहकाची एक ऑर्डर इंडेक्सवरून चुटकीसरशी काढणारी क्वेरी मात्र आता हॅश जॉइन या दुसऱ्या जोडपद्धतीपायी अख्खं टेबल वाचत बसते. पण ती स्क्रीन दुसऱ्या टीमची आहे.