होल्ड वाढवला म्हणून चेकचोर थांबणार नाही

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. सूर बँकवाल्याचा आणि म्हणणं असं: चेकच्या फसवणुकीचं मूळ १९८७ च्या कायद्यात आहे. त्या कायद्यामुळे बँकेला दोन दिवसांत पैसे मोकळे करावे लागतात, म्हणून चेक खरा की खोटा हे कळायच्या आत ठग पैसे काढून पसार होतो. बँकांचे हात बांधलेले आहेत. होल्डची, म्हणजे चेकचे पैसे अडवून ठेवण्याची, मुदत दुप्पट-तिप्पट करा, नुकसान थांबेल. आणि प्रामाणिक खातेदाराचं चार दिवस थांबून काय जातं?

हे निव्वळ फॉरवर्डछाप नाही. छोट्या बँकांच्या संघटना हाच मुद्दा मांडत आल्या आहेत. जून २०२५ मध्ये फेडरल रिझर्व्ह, एफडीआयसी आणि ओसीसी या तीन नियामकांनी पेमेंटमधल्या फसवणुकीवर लोकांची मतं मागवली, त्यातही चेक आणि होल्ड हा विषय होताच. नुकसानही खरं आहे. अमेरिकी अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाकडे चेक-फसवणुकीच्या संशयाचे अहवाल २०२१ मध्ये साडेतीन लाखांवर आले होते, २०२२ मध्ये ६ लाख ८० हजारांवर. तेही लोक दरवर्षी कमी चेक लिहीत असताना. रोग आहे, यात वाद नाही. वाद औषधावर आहे.

पहिला दावा: बँकेला जास्त दिवस मिळाले तर चेक खोटा असल्याचं कळेल.

कळेल कुणाला? फिनसेनने २७ फेब्रुवारी ते ३१ ऑगस्ट २०२३ या सहा महिन्यांत पोस्टातून चोरलेल्या चेकांबद्दल आलेले १५,४१७ अहवाल तपासले. रक्कम ६८ कोटी ८० लाख डॉलरच्या वर. त्यात ४४ टक्के प्रकरणांत मूळ चेकवरचा मजकूर बदलून तो भरला होता, २६ टक्क्यांत चोरलेल्या चेकचा नमुना घेऊन बनावट चेक छापले होते आणि २० टक्क्यांत खोटी सही करून चेक वटवला होता. सर्वांत मोठा वाटा आहे तो खऱ्या चेकवर केलेल्या खाडाखोडीचा.

असा एक चेक शेवटपर्यंत बघू. समजा, एखाद्या मराठी मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमासाठी हॉलचं भाडं म्हणून १,८०० डॉलरचा चेक लिहिला आणि कोपऱ्यावरच्या निळ्या पोस्टपेटीत टाकला. पेटी चोरीच्या किल्लीने उघडली गेली. रसायनाने शाई धुतली, हॉलच्या मालकाच्या जागी दुसरंच नाव आलं, १,८०० चे ४,८०० झाले. सही मात्र खजिनदाराचीच, तीच शाई, तोच खातेक्रमांक. सोमवारी हा चेक दुसऱ्या एका बँकेत भरला. २००४ पासून लागू असलेल्या चेक २१ कायद्यामुळे कागद फिरत नाही, प्रतिमा फिरते, म्हणून मंगळवारपर्यंत ती मंडळाच्या बँकेत पोचली. तिथे खात्यात पैसे आहेत, सही जुळते, क्रमांक बरोबर आहे. चेक परत करायचा असेल तर तो मिळाल्याच्या पुढच्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत बँकेला करावा लागतो. परत करायचं कारणच दिसत नाही, म्हणून चेक वटतो.

बोंब कधी उठते? हॉलवाला भाड्याची आठवण करून देतो तेव्हा, किंवा खजिनदार महिनाअखेरीला स्टेटमेंट उघडतो तेव्हा. होल्ड दोनाचा पाच दिवस केला, सात केला, दहा केला, तरी त्या दिवसांत कुणी काहीही तपासत नसतं. चेक परत करण्याची मध्यरात्रीची मुदत व्यापारी संहितेतून येते, तर होल्डची मुदत १९८७ च्या कायद्यातून. एक ताणली म्हणून दुसरी ताणली जात नाही. ठगाचे पैसे आणखी आठवडाभर खात्यात पडून राहतील एवढंच. त्या आठवड्यात योगायोगाने तक्रार आली तर ते सापडतील, हा फायदा खरा आहे. पण तो नशिबाचा भाग झाला.

बिनपैशाच्या खात्यावरचा चेक किंवा बनावट म्हणून मुदतीतच परत केलेला चेक यांची गोष्ट वेगळी. ते परत आल्यामुळे चेक भरून घेणाऱ्या बँकेच्या अंगावर येतात, आणि पैसे मोकळे होणं व चेक परत येणं यांत एखाद्या दिवसाची फट राहू शकते, हे कबूल. ती फट बुजवायला एक-दोन दिवस पुरतात. फिरणारा मजकूर मुदत तिपटीपर्यंत न्यायला सांगतो.

दुसरा दावा: बँकांचे हात बांधलेले आहेत.

हे वाचून मला खरंच हसू आलं, कारण रेग्युलेशन सीसी हा त्या कायद्याखालचा नियम उघडून पाहिला तर त्यात मुदतींपेक्षा सवलतींचीच पानं ठळकपणे नजरेत भरतात. सर्वसाधारण चेकचे पहिले २७५ डॉलर (१ जुलै २०२५ पूर्वी २२५) पुढच्या कामकाजाच्या दिवशी आणि उरलेले दुसऱ्या दिवशी द्यायचे, हा मूळ नियम. आता अपवाद बघा. एका दिवसात ६,७२५ डॉलरहून जास्त रकमेचे चेक भरले तर वरच्या रकमेवर लांबचा होल्ड चालतो. खातं वारंवार ओव्हरड्रॉ झालेलं असेल, एकदा परत आलेला चेक पुन्हा भरला असेल, तरीही चालतो. चेक वटेल की नाही अशी सकारण शंका असली तरी चालतो. हा वाढीव होल्ड साधारण सात कामकाजाच्या दिवसांपर्यंत जातो, म्हणजे मध्ये शनिवार-रविवार धरून दीड आठवडा. आणि खातं उघडून तीस दिवस झाले नसतील तर साध्या चेकवर कायद्याची मुदत लागूच होत नाही. चोरीचा चेक वटवायला मुद्दाम नवं खातं उघडणाऱ्या टोळीला अडवायला बँकेला याहून मोकळे हात कोणते हवेत?

सकारण शंकेसाठी अटी एवढ्याच: कारण लेखी द्यायचं, पैसे कधी मिळतील ती तारीख द्यायची, आणि शंका चेकबद्दलच्या ठोस गोष्टीवरून यायला हवी. अमुक एका वर्गाच्या लोकांनी भरला म्हणून शंका, हे नियमाला चालत नाही. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं. मुदत सरसकट वाढवली की कारण सांगायची ही जबाबदारीच उरणार नाही.

आणखी एक झडप खुद्द कायद्यात आहे, आणि त्या मजकुरात तिचा उल्लेखही नाही. एखाद्या प्रकारच्या चेकांवरचं नुकसान सहन करण्यापलीकडे गेलं असं फेडरल रिझर्व्हला वाटलं, तर त्या चेकांपुरत्या मुदती ते तात्पुरत्या स्थगित करू शकतं. स्थगिती फार तर ४५ दिवसांची, तीही काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, कळवून. १९८७ मध्ये कायदा लिहिणाऱ्यांना फसवणूक सुचलीच नव्हती असं नाही. त्यांनी तिच्यासाठी दार ठेवलं आणि ते आपोआप बंद होईल अशी सोयही केली.

मग बँका या सवलती का वापरत नाहीत? बऱ्याचदा कायदा आडवा येतो म्हणून नाही, ग्राहक दुसरीकडे जाईल म्हणून. फोनवरून चेकचा फोटो काढा, पैसे लगेच वापरा, ही जाहिरात कुणी कायद्याने करायला लावलेली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये चेस बँकेचं एटीएम म्हणजे फुकटच्या पैशाचं मशीन आहे, असे व्हिडिओ टिकटॉकवर पसरले. लोकांनी खोटे चेक भरून ते परत यायच्या आत पैसे काढले. बँकेने ऑक्टोबरमध्ये काही जणांवर दावे लावले, त्यातल्या एका दाव्यातला चेक ३,३५,००० डॉलरचा होता. एवढ्या रकमेवर लांबचा होल्ड लावायला कायद्याची तेव्हाही पूर्ण मुभा होती.

तिसरा दावा: थांबायला काय जातं?

ज्याच्या खात्यात सहा महिन्यांचा खर्च पडून आहे त्याचं काही जात नाही. घरकाम करणारी बाई, छोटा रंगकाम ठेकेदार, पहिल्या पगाराचा कागदी चेक हातात घेऊन आलेला विद्यार्थी, यांचं जातं. पहिल्या तारखेला घरभाडं द्यायचं असतं. पैसे खात्यात दिसतात पण वापरता येत नाहीत, भाड्याचा चेक परत येतो आणि त्याचा दंड त्यांच्याच खात्यातून वळता होतो. हे आधी झालेलं आहे, त्यासाठी कल्पना लढवायला नको. कायदा येण्यापूर्वी काही बँका दुसऱ्या राज्यातले चेक आठवडे-आठवडे अडकवून ठेवत, आणि पैसा तोवर त्यांच्याकडे राही. त्या रागातूनच कायदा आला. सप्टेंबर १९८८ मध्ये तो लागू झाला तेव्हा स्थानिक चेकला तीन आणि बाहेरच्या चेकला सात कामकाजाचे दिवस होते. १९९० मध्ये ते दोन आणि पाच झाले. तेव्हा कागदाचे गठ्ठे ट्रकने आणि विमानाने फिरत होते. २०१० पासून देशभर प्रक्रियेचा एकच विभाग उरला, त्यामुळे प्रत्येक चेक स्थानिकच ठरतो. प्रवास इतका आटला असताना मुदत मात्र वाढवायची, आणि कायद्यातच फेडरल रिझर्व्हला सांगितलंय की चेक परत येतोय हे कळायला लागणाऱ्या वेळेइतकी ती कमी करत जा.

एका ठिकाणी तो मजकूर बरोबर आहे, आणि तिथे मी त्याच्या बाजूने आहे. कॅशियर्स चेक (आपल्या डिमांड ड्राफ्टचा भाऊ) स्वतः काउंटरवर जाऊन भरला की पुढच्याच दिवशी पैसे द्यावे लागतात, कारण बँकेने काढलेला चेक पक्काच, असं गृहीत धरलंय. चांगल्या प्रिंटरने ते गृहीतक कधीच मोडलं. खोलीच्या शोधातल्या किंवा अर्धवेळ काम हवं असलेल्या आपल्या मुलांना नेमका हाच चेक पाठवतात: जास्त रकमेचा पाठवला, उरलेले झेल (Zelle) या पैसे पाठवायच्या सेवेने परत कर. पैसे दिसतात, मूल पाठवतं, आठवड्याने चेक परत येतो आणि वजाबाकी मुलाच्या खात्यातून होते. या एका प्रकाराची मुदत दोन-तीन दिवसांनी वाढवली तर मला हरकत नाही. पण यावरून सगळ्या चेकांना शिक्षा का?

छोट्या बँकांचं खरं दुखणं होल्ड नाहीच. खाडाखोड केलेला चेक ज्या बँकेत भरला गेला तिने नुकसान सोसायचं, आणि पूर्ण बनावट चेक वटला असेल तर ज्या बँकेच्या खात्यावरून पैसे गेले तिने, अशी विभागणी आहे. म्हणजे वरच्या उदाहरणात मंडळाची छोटी बँक मंडळाचे पैसे भरून देते आणि चेक भरून घेणाऱ्या मोठ्या बँकेकडे दावा लावते. त्या दाव्यांना महिनोन्महिने उत्तर येत नाही, ही छोट्या बँकांची जुनी तक्रार आहे. कुणाशी बोलायचं हेच सापडत नाही म्हणून अमेरिकन बँकर्स असोसिएशनला दाव्यांच्या संपर्कांची यादी तयार करावी लागली. दाव्याला ठरावीक दिवसांत उत्तर द्या, असा नियम केला तर या बँकांना होल्डपेक्षा कितीतरी जास्त मिळेल. नियामकांकडे काही मागायचंच तर हे मागावं.

आणि मंडळाचा ४,८०० चा चेक खरोखर अडवेल अशी गोष्ट भारतातल्या मराठी माणसाला ठाऊक आहे. १ जानेवारी २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने ५० हजार रुपये आणि त्यावरच्या चेकांसाठी पॉझिटिव्ह पे आणलं: चेक कुणाला, किती रकमेचा, कोणत्या तारखेचा, हे लिहिणाऱ्याने बँकेला आधी कळवायचं, आणि ते जुळलं नाही तर प्रश्न चेक वटायच्या आधी उभा राहतो. अमेरिकेतही ही सेवा आहे, पण ती मुख्यतः कंपन्यांना, बहुधा दरमहा शुल्क घेऊन विकली जाते. घरगुती खातेदाराच्या किंवा मंडळाच्या साध्या खात्याच्या वाट्याला ती सहसा येत नाही. आपल्या मंडळाचं खातं व्यावसायिक प्रकारचं असेल तर खजिनदाराने शाखेत विचारावं, आणि घेताना रकमेबरोबर नावही जुळवून बघतात का तेही विचारावं, कारण नुसता क्रमांक आणि रक्कम बघणाऱ्या सेवेत, रक्कम तीच ठेवून फक्त नाव बदललेला चेक सरळ निघून जातो.