डायलिसिसला वयाची अट घालणाऱ्यांना

‘आरोग्य धोरणात भावना नकोत, आकडे हवेत’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. सार असं: सरकारचा पैसा मर्यादित आहे, म्हणून उपचार कुणाला द्यायचे हे संगणकाने खर्च आणि फायदा मोजून ठरवावं, त्यात नीतिमूल्यं आणू नयेत. सत्तरीपुढच्यांचं सरकारी पैशातलं डायलिसिस, बायपास बंद करावं, कमावत्या माणसांना आधी घ्यावं. कर न भरणाऱ्यांना फुकट काही देऊ नये. आणि प्रगत देशांत हे असंच चालतं.

असले मेसेज मी एरवी न वाचता पुसून टाकते. हा वाचावा लागला, कारण वर्तकनगरच्या माझ्या मावशीने तो मला पाठवला आणि लगेच फोन केला, “माझ्यामुळे कुणा तरण्याताठ्याची जागा अडते का गं?” मावशी ७४ वर्षांची आहे. जनआरोग्य योजनेतून आठवड्यात तीनदा, दर वेळी चार तास तिचं डायलिसिस चालतं. डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शीर आणि धमनी जोडून केलेली सोय. त्या हाताचं बीपी ती कुणाला घेऊ देत नाही, भाजीची पिशवीसुद्धा त्या हातात धरत नाही. दिवसभराचं पाणी सकाळीच बाटलीत मोजून ठेवते आणि तेवढ्यातच गोळ्याही घेते. इतक्या नेटाने जगणाऱ्या बाईला आपण कुणाचं तरी देणं लागतो असं वाटायला लावलं, याचा मला संताप आहे.

तेव्हा आधी वयाचा मुद्दा. किडन्या पूर्ण निकामी झालेल्या माणसाचं डायलिसिस थांबवलं की तो बहुधा एक-दोन आठवड्यांत जातो. ‘बंद करावं’ या दोन शब्दांचा अर्थ एवढाच आहे, आणि मेसेजभर तो कुठेही स्पष्ट लिहिलेला नाही.

कमावत्यांना आधी, म्हाताऱ्यांना नाही, हा प्रयोग जगात होऊन गेलाय, तोही डायलिसिसवरच. १९६० च्या सुमारास अमेरिकेत सिएटलला डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायमची नळी बसवण्याची सोय केली आणि वर्षानुवर्षं डायलिसिसवर जगणं शक्य झालं. मशीन मोजकी, रुग्ण भरपूर. मग सात जणांची समिती बसली. त्यात वकील होता, धर्मोपदेशक होता, बँकवाला होता, गृहिणी होती, कामगार पुढारी होता. डॉक्टरांच्या चाळणीतून आलेल्या रुग्णांपैकी मशीन कुणाला मिळणार, हे ते ठरवत. बघत काय? उत्पन्न, लग्न झालंय का, पोरंबाळं किती, शिक्षण, नोकरी, चर्चला जातो का. १९६२ मध्ये ‘लाइफ’ मासिकाने हे सगळं छापलं आणि लोक हादरले. समाजाला उपयोगी म्हणून निवडलेली माणसं ही निवडणाऱ्यांसारखीच मध्यमवर्गीय, संसारी, चाकोरीतली असतात, ही टीका तेव्हा झाली आणि ती आजही खोडता येत नाही. शेवटी १९७२ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून किडनीच्या रुग्णांचा हा खर्च वयाची अट न ठेवता सरकारी विम्यात घेतला.

त्या सिएटलमध्ये वयाची रेषा ४५ वर होती. आपल्या मेसेजवाल्याने ती ७० वर आणली. हे दोन्ही आकडे क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या, कुठल्या रिपोर्टमधून निघाले? कुठल्याच नाही. कुणीतरी मनात ठरवलं की इतक्या वयानंतरचं आयुष्य कमी मोलाचं. हाच तो मूल्यनिर्णय, जो म्हणे धोरणात नको होता. फक्त तो आकड्याच्या आड ठेवला, म्हणजे त्याचा जाब कुणाला द्यायला नको.

संगणकाचंही तेच. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने गरिबांच्या सरकारी विम्यासाठी १९९० मध्ये खरोखरच संगणकाकडून खर्च-फायद्याची यादी करून घेतली होती. त्या यादीत दाताला कॅप बसवणं हे गर्भाशयाबाहेर राहिलेल्या गर्भाच्या शस्त्रक्रियेच्या वर आलं. त्या अवस्थेत गर्भनलिका फुटली तर बाई रक्तस्रावाने जाऊ शकते! पण कॅप स्वस्त, म्हणून गणितात ती वर. संगणक चुकला नव्हता. त्याला जे मोजायला सांगितलं तेच त्याने मोजलं. ती यादी मागे घ्यावी लागली, आणि जीव वाचवणारे उपचार आधी हे माणसांनी बसून ठरवलं. पुढचा सुधारित प्रस्तावही १९९२ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने अडवला, कारण त्यातल्या आयुष्याच्या दर्जाच्या मोजमापात अपंगांवर अन्याय होत होता.

आणि लांब कशाला जायचं? २०२१ मध्ये आपल्याकडे कोविडची लस कुणाला आधी मिळाली आठवा. जानेवारीत आरोग्य कर्मचारी, मग १ मार्चपासून साठीच्या पुढचे आणि ४५ च्या पुढचे आजारी. ठाण्याच्या केंद्रांवर आपणच आपल्या आईवडिलांना घेऊन रांगेत उभे होतो. मृत्यूचा धोका कुणाला जास्त हे आकड्यांनी सांगितलं; ज्याला धोका जास्त त्याला आधी, हे मूल्याने ठरवलं. मेसेजचा हिशेब लावला असता तर तीच मंडळी रांगेच्या शेवटी गेली असती.

कराच्या मुद्द्यावर फार लिहायला नको. साबणापासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत जीएसटी सगळेच भरतात, किसननगरच्या खोलीत राहणाराही भरतो. शिवाय क्षयरोगाचे उपचार सरकार फुकट देतं, त्यात शहाणपणही आहे: उपचाराविना राहिलेला रुग्ण सकाळच्या लोकलमध्ये आपल्याच खांद्याला खांदा लावून उभा असतो.

प्रगत देशांचं म्हणाल, तर इंग्लंडमध्ये कुठला उपचार सरकारी खर्चाने द्यायचा हे सांगणारी ‘नाइस’ ही संस्था खर्चाचा हिशेब अगदी काटेकोर करते. त्याच संस्थेने २००२ मध्ये ३० सामान्य नागरिकांची परिषद नेमली, ती मूल्यांच्या प्रश्नांवर सल्ला घ्यायला. आपल्या २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही समता आणि नैतिकता ही तत्त्वं सुरुवातीलाच लिहिलेली आहेत.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. पैसा अपुरा आहे आणि निवड करावीच लागते. सगळ्यांना सगळं देऊ म्हणणारा पुढारी खोटं बोलतो. आणि वयाचा काहीच संबंध नाही असंही नाही: पंच्याऐंशीच्या, हृदय थकलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला डायलिसिसने फारसं आयुष्य मिळत नाही, उलट त्रासच वाढू शकतो. तिथे ते न करणं हा योग्य सल्ला असू शकतो. पण तो त्या रुग्णाची तब्येत बघून, त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलून द्यायचा असतो. जन्मतारखेवरून सरसकट नव्हे.

डायलिसिससाठी रांग लागते हेही खरं. त्यावर मागणी करायची तर जास्त मशीनची, रात्रपाळीची, तंत्रज्ञांची रिकामी पदं भरण्याची करा. केंद्र सरकारचा जिल्हा रुग्णालयांतला डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासूनचा आहे, तो आपल्या भागात कुठवर आला हे लोकप्रतिनिधींना विचारा. आणि एवढं होऊनही ज्यांना वयाची अटच हवी असेल, त्यांनी ती स्वतःच्या नावानिशी, लेखी मागावी. अट किती वर्षांची, ती कशावरून ठरवली आणि ती लागू झाल्यावर पहिल्या महिन्यात आपल्या सोसायटीतल्या कुणाचं डायलिसिस बंद होणार, हेही त्याच कागदावर लिहावं.