महिन्याचं सलाईन बंद करू नका: गाढवीच्या दुधाचा संदेश आणि सारखा होणारा न्यूमोनिया

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: ‘सारखा न्यूमोनिया होणाऱ्या मुलाची छाती कच्ची असते. सात दिवस चमचाभर गाढवीचं दूध पाजा, रात्री नाकात कोमट तेल सोडा, लसी टाळा. डॉक्टर दर महिन्याला लावतात ते सलाईन स्टेरॉइड असतं, बंद करा.’ माझ्या मावसबहिणीला तो तिच्या सासूबाईंनी पाठवला. तिच्या मुलाला ते सलाईन लागतं. ‘या महिन्यात चुकवलं तर चालेल का गं?’ असा तिचा फोन आला.

नाही चालणार. त्या बाटलीत स्टेरॉइड नसतं. हजारो दात्यांच्या रक्तातल्या प्लाझ्मातून वेगळी काढलेली, जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं असतात, इम्युनोग्लोब्युलिन. काही मुलग्यांच्या शरीरात जन्मापासूनच ती बनत नाहीत. पोटात असताना आईकडून मिळालेली पाच-सहा महिने पुरतात, मग कान फुटणं, सायनस आणि न्यूमोनियावर न्यूमोनिया सुरू होतो. १९५२ साली ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी अशाच एका आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे हीच प्रतिपिंडं, नसल्याचं दाखवलं. ते बाहेरून दर महिन्याला दिल्यावर त्याची वारंवारची गंभीर आजारपणं थांबली. आज हेच औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलांसाठीच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आणि दर महिन्याला का, तर दिलेल्यातलं निम्मं साधारण तीन आठवड्यांत संपतं म्हणून. ‘सवय लागते’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं. फेऱ्या चुकत गेल्या की संसर्ग परत येतात, श्वासनलिका रुंदावून त्यात कफ साठत राहतो आणि ते नुकसान भरून येत नाही.

गाढवीचं दूध आईच्या दुधाच्या बरंच जवळचं असतं, एवढं मान्य. पण प्यायलेल्या दुधातली प्रतिपिंडं पोटात पचतात, मुलाच्या रक्तात पोचत नाहीत. ज्याच्याकडे जंतूंशी लढायला काही नाही, त्याला दारावर आलेलं कच्चं, न उकळलेलं दूध पाजायचं? तेही दहा घरं फिरलेल्या चमच्याने?

नाकातल्या तेलाचा मला सगळ्यात राग येतो. पाण्याने ठसका लागतो, तेलाने बऱ्याचदा लागतच नाही. ते गुपचूप फुफ्फुसात उतरतं आणि तिथे सूज आणतं. त्याला लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात. म्हणजे न्यूमोनियावरचा हा घरगुती उपाय स्वतःच न्यूमोनिया करतो, आणि मग ‘बघा, छाती कच्चीच आहे’ म्हणून आणखी तेल!

लसींबद्दल अर्धं खरं आहे. प्रतिकारशक्तीचा गंभीर दोष असलेल्या मुलांना बीसीजी किंवा तोंडावाटे पोलिओ यांसारख्या जिवंत लसी टाळाव्या लागतात. कोणती टाळायची ते त्या मुलाचे डॉक्टर ठरवतात, ग्रुप नाही. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरची पीसीव्ही ही जिवंत लस नाही. २०२१ पासून ती देशभर मोफत आहे: सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने.

राहिली ‘कच्ची छाती’. लहान मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होतो आणि बहुतेकांना काही आजार नसतो, हे खरं. पण एका वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला तर कारण शोधायलाच हवं. दर वेळी एक्सरेत फुफ्फुसाचा तोच भाग दिसत असेल तर श्वासनलिकेत शेंगदाणा अडकलेला असू शकतो. टीबी आणि दमाही बघावा लागतो. प्रतिकारशक्तीसाठी आधी साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि इम्युनोग्लोब्युलिनची पातळी तपासतात. आईचा भाऊ किंवा आईचा मामा लहानपणीच गेला होता का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. नवरा-बायको आते-मामे भावंडं असतील किंवा मामा-भाचीचं लग्न असेल तर तेही सांगा, कारण यातले काही दोष आईवडील दोघांकडून येतात. आपल्या भागात अशी लग्नं होतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात प्रतिकारशक्तीचे असे जन्मजात आजार आहेत. मुंबईचं केईएम आणि बंगळुरूचं इंदिरा गांधी बाल रुग्णालय ही त्यातली केंद्रं, आणि पात्र रुग्णाला तिथे ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. जाताना आतापर्यंतचे सगळे एक्सरे आणि डिस्चार्ज कार्डं तारखेप्रमाणे लावून न्या.